पठारावर वारं लय आहे, बाराही महिने हिरवे राहतील असे वेल कोणते लावू?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. आमचं गाव साताऱ्याच्या वर, ठोसेघर-चाळकेवाडीच्या अंगाला, जिथं पवनचक्क्या आहेत त्याच पठारावर. वारं बघूनच तिथं पवनचक्क्या उभ्या केल्यात, तिथं मी वेल लावायला बघतेय, म्हणजे अडचण काय असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आई-बाबा आता कायमचे गावीच राहायला गेलेत. घराभोवती ८ गुंठे जागा आहे, पश्चिमेच्या बाजूनं ७० फूट लांब चेन लिंकचं कुंपण आहे, ६ फूट उंच, लोखंडी अँगलवर. त्यापलीकडं मोकळा माळ आणि मग एकदम दरीच. म्हणजे जून ते सप्टेंबर जे काही वारं येतंय ते थेट त्या कुंपणावर आणि तिथून आईच्या ओट्यावर.

आईचं म्हणणं एवढंच आहे की ओट्यावर बसल्यावर समोर हिरवं दिसावं आणि वाऱ्याचा तडाखा जरा कमी व्हावा, आणि ते हिरवं बाराही महिने हिरवं असावं, नुसतं पावसाळ्यात हिरवं आणि मार्चमध्ये काटक्या असं नको. कारण मार्च ते मे तिथं सगळा माळ पिवळा पडतो, त्याच वेळी डोळ्याला हिरवं पाहिजे असतं.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. पहिल्या वर्षी हिरवी नेट बांधली कुंपणाला, पूर्ण ७० फूट. जुलैत एका रात्रीत नेटसकट ४ अँगल आडवे झाले. दुसऱ्या वर्षी नर्सरीतून मनी प्लांट, जाई आणि मधुमालती आणली, जूनच्या पहिल्या पावसात लावली जसं सगळे लावतात तसं. मनी प्लांटच्या पानांच्या पार चिंध्या झाल्या, जाई मुळातून हलून हलून वाळली, मधुमालती तेवढी जगली पण थंडीत अर्धीअधिक पानं गाळते आणि नुसता सांगाडा दिसतो. जमीन मुरमाड आहे, दीड-दोन फुटांवर कातळ लागतो. पाणी आहे, बोअरचं, पण एप्रिल-मेमध्ये हात राखून वापरावं लागतं. माकडं येतात, शेजारच्यांच्या शेळ्या येतात. बाबांना जमेल तेवढीच देखभाल, त्यांचं वय ७१ आहे, त्यामुळं दर महिन्याला शिडी लावून छाटणी वगैरे नको.

शिवाय घराच्या दक्षिणेची एक भिंत आहे, जुनी, दगड-मातीतली, तिच्यावर काही चढवता येईल का तेपण सांगा.

---

गुहागरचा_भाचा

ताई, आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वारा म्हणजे काय ते आम्हाला वेगळं सांगायला नको, वर आमच्याकडे खारा वारा, पानं करपतात ती वेगळीच. तुमच्याकडे खार नाही हे एक बरं.

माझं मत एकच, बोगनवेल. लोक तिला रस्त्याच्या दुभाजकावरचं झाड म्हणून कमी लेखतात पण आमच्या पश्चिमेच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) २० वर्षं उभी आहे, निसर्ग वादळात (जून २०२०) आंब्याच्या फांद्या गेल्या, दोन पोफळी गेल्या, बोगनवेलीची पानं सगळी झडली पण खोड जागेवर आणि महिन्या-दीड महिन्यात परत हिरवी. शेळ्या काट्यांमुळे फार वाटेला जात नाहीत. पाणी कमी लागतं. एकच आहे, तिला स्वतःहून धरता येत नाही, तणावे नाहीत की विळखा नाही, नुसती रेलते, त्यामुळे पहिली २-३ वर्षं बांधत न्यावी लागते. आणि अगदीच पाणी तोडलं तर उन्हाळ्यात पानं गाळते, आठवड्यातून एकदा दिलं तरी आमच्याकडे हिरवी राहते.

दुसरी एक गोष्ट सुचवतो जी हल्ली कोणी लावत नाही, हिरवा चाफा. आमच्या आजीने लावलेला आहे विहिरीपाशी. नाव चाफा असलं तरी हा मोठा झाला की वेलासारखा चढतो, फुलाच्या देठाला आकड्यासारखा हूक असतो आणि त्या हुकाने तो आधार पकडतो, एकदा पकडला की सोडवता सोडवत नाही. पानं जाड, चकचकीत, वर्षभर हिरवीगार, वाऱ्याने फाटताना मी तरी पाहिली नाहीत. फूल आधी हिरवंच असतं, पानांत दिसत नाही, पिवळट झालं की वास सुटतो, पिकलेल्या फळासारखा, संध्याकाळी सगळं अंगण भरून जातं आणि आम्ही लहानपणी फूल कुठे आहे ते शोधत बसायचो. फक्त वाढ सावकाश. ३ वर्षं तरी धीर धरावा लागेल. आईंना नक्की आवडेल म्हणून सांगतोय.

---

अकरावा_मजला

पुण्यात बाणेरला टेकडीच्या बाजूला ११ व्या मजल्यावर टेरेस आहे, तिथे पण वारा भरपूर (तुमच्याइतका नक्कीच नाही). माझ्याकडे कर्टन क्रीपर चांगला चाललाय, नर्सरीत व्हर्नोनिया म्हणूनही मागतात, पडद्यासारखा खाली लोंबतो, बारीक पानं, वर्षभर हिरवा, फुलं नगण्य, कचरा पण कमी. फक्त तो वर चढण्यापेक्षा खाली सोडायला छान, म्हणजे ओट्याच्या वरच्या स्लॅबवर कुंडी ठेवून खाली सोडला तर. वाऱ्यात त्याच्या लांब दोऱ्या कठड्याच्या कडेवर घासून तुटतात हा अनुभव आहे, तिथे मी जुन्या पाइपचा तुकडा चिरून कडेवर बसवला.

आणि एक, लोक वाऱ्याने झाड मोडेल याचाच विचार करतात, पण माझी जास्त झाडं गेली ती वाळून गेली. फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा पानातलं पाणी ओढून घेतो आणि कुंडीतली माती सकाळी ओली असली तरी दुपारी कोरडी ठणठणीत. आता सगळ्या कुंड्यांवर नारळाच्या शेंड्या आणि वाळलेल्या पानांचा २-३ इंच थर घालते, पाणी निम्मं लागतं.

---

जुना_माळी

लेकी, तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी ३० वर्षं बागा करून देण्याचं काम केलं, त्यातली बरीचशी पाचगणी, भिलार, मेढा, पाटण या भागात, त्यामुळं तुझं पठार मला माहीत आहे असं समज.

आधी वेलाचं नाव विसर. तुझं पहिल्या वर्षी जे झालं ना, नेटसकट अँगल आडवे, तिथंच सगळं आलं. वाऱ्याच्या जागी वेल मरतो तो वाऱ्यानं कमी, आधार पडल्यानं जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. मोकळ्या जाळीतून वारं निघून जातं म्हणून ती टिकते, त्याच जाळीवर नेट बांधली की तिचं शीड होतं, आणि बारमाही हिरवा घनदाट वेल म्हणजे पण शीडच, वर पावसात भिजून जड झालेलं. पानं गाळणाऱ्या वेलाचा निदान थंडीत भार कमी होतो, सदाहरित वेलाचा कधीच होत नाही. त्यामुळं ७० फूट हिरवं पाहिजे असेल तर आधी ते अँगल बघ. माझ्या अंदाजानं ते फूट-दीड फूटच गाडलेले असणार आणि काँक्रीट नुसतं वरवर. खांबाचा एक तृतीयांश भाग जमिनीत पाहिजे, ६ फूट वर तर ३ फूट खाली. कातळ लागतो म्हणतेस, तर तो ड्रिल करून घे, एक दिवसाचं काम आहे, कातळात बसलेला अँगल मातीतल्यापेक्षा पक्का. दर ८ फुटांवर एक, आणि दर तिसऱ्या खांबाला आणि दोन्ही कोपऱ्यांना आतल्या म्हणजे पूर्वेच्या बाजूनं तिरका टेकू. यात पैसे घाल, वेलात नंतर घाल.

भिंत बांधावी असं कोणी सांगेल तर बांधू नकोस. बंद भिंतीवरून वारं उसळतं आणि पलीकडं गोल फिरून खाली आपटतं, ओट्यावर आणखीच त्रास. साधारण निम्मं अडवणारं आणि निम्मं सोडणारं कुंपण सगळ्यात चांगलं, त्याचा आसरा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत थोडाफार मिळतो. म्हणजे तुझ्या ६ फुटी कुंपणानं ५०-६० फूट आतपर्यंत वारं मवाळ होईल. आईचा ओटा त्यात येत असेल.

आता लावायचं कधी. सगळे जूनमध्ये लावतात, तूही लावलंस, आणि तिथंच जाई गेली. खाली देशावर जून बरोबर आहे, पण तुमच्या पठारावर जून-जुलै म्हणजे वाऱ्याचा सगळ्यात जोराचा काळ. रोपाला मुळं धरायलाच वेळ मिळत नाही, खोड बुडाशी हलत राहतं, मातीत भोवती खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, नवी पांढरी मुळं रोज तुटतात आणि रोप भर पावसात वाळतं, माणसाला कळतच नाही की पाऊस असून वाळलं कसं. तू ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये, वारं पडल्यावर लाव. जमिनीत ओल असते, ऊन यायला लागतं, फेब्रुवारीपर्यंत मुळं खाली जातात. त्यानंतर पहिला उन्हाळा तेवढा पाणी देऊन काढायचा. पुढच्या जूनला रोप ९ महिन्यांचं असतं, ते टिकतं. खड्डे मात्र मे महिन्यातच काढून तापवून ठेव, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, कातळ लागला तर रुंद काढ, आणि एकदा बादलीभर पाणी ओतून बघ, दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर कातळाला सुरुंगाच्या पहारीनं एखादी फट पाड नाहीतर माती वर चढवून उंचवट्यावर लाव. बोगनवेलीला पाय ओले राहिलेले अजिबात चालत नाहीत, आणि तुमच्याकडचा पाऊस काय आहे ते तुला माहीत आहे.

रोप मोठं घेऊ नकोस. नर्सरीवाला ६ फुटी वेल काठीला गुंडाळून देतो, बघायला छान, पण पिशवीतली मुळं वीतभर आणि वर सहा फुटांचा पसारा, वारं त्याला उपटूनच काढणार. दीड-दोन फुटांचं, खोड पेन्सिलीएवढं जाड असलेलं रोप घे. मूळ कुंपणापासून दीड फूट आत, पूर्वेच्या बाजूला, आणि रोप तिरकं जाळीकडं झुकवून. बांधायला काथ्या नाहीतर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, आठाच्या आकड्यासारख्या, एक वेढा जाळीला एक वेढा खोडाला. बाइंडिंग तार बांधू नकोस, वाऱ्यात हलून ती साल कापते. आणि अगदी जखडूनही बांधू नको, थोडं हललं की खोड आपसूक जाड आणि बुटकं होतं, ते आपल्याला पाहिजेच आहे. हलावं ते वरून, बुडाशी नाही.

वेल कोणते म्हणशील तर तुझ्या कुंपणाला मी संक्रांतवेल लावीन. बारीक पान, वर्षभर हिरवं, आणि तीन पानांतल्या मधल्या पानाचाच तणावा झालेला असतो त्यामुळं जाळी स्वतः धरतो, बाबांना बांधत बसायला नको. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास नारिंगी फुलांनी पान दिसत नाही. फुलं संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा छाट, झालं. आणि मे महिन्याच्या मध्याला एकदा तिसरा हिस्सा विरळ करायचा, आतल्या वाळक्या काड्या ओढून काढायच्या, म्हणजे पावसाळ्यात वारं आरपार जाईल. ही विरळणी चुकवू नका, वर्षात एवढी दोनच कामं आहेत.

---

रानवाटा

माळीकाकांच्या पोस्टला मनापासून दाद. एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

ताई, तुमचं घर ज्या पठारांवर आहे ती साधी जागा नाही. शेजारचं कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि चाळकेवाडीच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) पण पावसाळ्यात तीच इवलीइवली फुलं येतात, कातळावरच्या चार बोटं मातीत. त्यामुळे कुंपणाला काय लावताय ते कुंपणापाशीच थांबणारं असावं. कुणी तुम्हाला रेल्वे क्रीपर सुचवेल, निळी-जांभळी फुलं, फुकट मिळतो, कुठेही लागतो, वर्षभर हिरवा, वाऱ्याला दाद देत नाही, सगळं खरं. पण तो तुकड्यातुकड्याने जमिनीवर मुळं धरत जातो आणि एकदा माळावर उतरला की आवरत नाही. कृपा करून तो लावू नका. तसंच छाटलेल्या काड्या, कुठल्याही वेलाच्या असोत, कुंपणापलीकडे टाकू नका, आत खड्ड्यात टाका नाहीतर वाळवून जाळा.

आता आपल्या मातीतलं काही. सह्याद्रीत एक देखणा सदाहरित वेल आहे, हळदवेल, संस्कृत काव्यात जिला माधवी म्हटलंय ती. नर्सरीत मधुमालती मागितली की कधी ही देतात आणि ही मागितली की मधुमालती देतात, नावांचा पूर्ण गोंधळ आहे, म्हणून बघून घ्या. मधुमालतीचं फूल लांब नळीचं, संध्याकाळी पांढरं उमलतं आणि पुढे गुलाबी, लाल होत जातं. हळदवेलीचं फूल पांढरट, झालरीच्या पाकळ्यांचं, एका पाकळीवर पिवळा डाग, आणि पानं जाड, चकचकीत, समोरासमोर. फळाला तीन पंख असतात आणि ते सुटल्यावर भिंगरीसारखं गरगरत वाऱ्याबरोबर जातं. म्हणजे वारा हा तिच्या जगण्याचाच भाग आहे. जंगलाच्या कडेला ही मोठमोठ्या झाडांवर गेलेली मी पाहिली आहे.

पण कुंपणाला नको, ही फार जड होते, खोड मांडीएवढं होऊ शकतं. पक्का दगडी खांब किंवा एखादं जुनं आंब्या-जांभळाचं झाड असेल तर त्याच्या बुडाशी लावा. मॉरिशस, रीयुनियनसारख्या बेटांवर हीच माधवी उपद्रवी ठरली आहे, तिथे तिला आवरता येत नाही. इथे ती घरची आहे, तिला खाणारे किडे-अळ्या इथे आहेत, म्हणून ती इथे मर्यादेत राहते. म्हणून मी सारखं म्हणतो, झाड कुठे लावतोय ते बघितल्याशिवाय चांगलं-वाईट ठरवता येत नाही.

अजून एक. नुसत्या वेलावर सगळा भार टाकू नका. कुंपणाच्या बाहेर नाही तर आतून ३-४ फुटांवर करवंदाची ओळ लावा. सदाहरित, काटेरी, त्या वाऱ्यातच जन्मलेली, शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत, कातळात जगते, आणि मे महिन्यात करवंदं. वेल वरचा वारा मोडेल, करवंदं खालचा. गुळवेल लावायचा विचार असेल तर औषधी म्हणून एखादी लावा, पण ती उन्हाळ्यात पानं गाळते, तुमच्या कामाची नाही.

---

वेलिंग्टनहून

न्यूझीलंडमधल्या आमच्या गावाची तर ओळखच वाऱ्याचं शहर अशी आहे, म्हणून लिहितेय. इथे घरोघरी कुंपणाला स्टार जॅस्मिन असतो, पानं आपल्या हिरव्या चाफ्यासारखी चकचकीत पण छोटी, थंडीतही हिरवीच, आणि पांढऱ्या चांदण्या फुलतात त्यांना मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास. वाढ पहिली दोन वर्षं अगदी कमी आणि मग एकदम. भारतात काही नर्सऱ्यांत मिळतो, पण तुमच्याकडच्या तेवढ्या पावसात कसा राहील ते मी बघितलेलं नाही, एखादंच रोप लावून बघा.

माळीकाका म्हणतात ते छोट्या रोपाचं मी अनुभवाने सांगते, मी मोठं महागाचं रोप आणलं होतं आणि शेजारणीने चार इंची पिशवीतलं, तिसऱ्या वर्षी तिचा माझ्या पुढे गेला.

---

गुहागरचा_भाचा

माळीकाका, एक विचारायचं होतं. तुम्ही जाळीवर संक्रांतवेल म्हणालात, पण बोगनवेल जाळीत आतबाहेर विणत नेली तर बांधायची कटकट वाचेल ना? आमच्या वाडीत एकाने तसं केलंय.

दक्षिणेच्या भिंतीसाठी फायकसचा तो चिकटणारा वेल, बारीक पानांचा, मुंबईत कंपाउंड वॉलवर असतो तो, वाऱ्याला त्याच्यासारखा दुसरा नाही, भिंतीला रंग दिल्यासारखा चिकटून बसतो, वाऱ्याला पकडायला काही मिळतच नाही.

---

जुना_माळी

विणू नका. आज बोट-एवढी फांदी आहे म्हणून विणता येते, पाच वर्षांनी ती मनगटाएवढी होते आणि मग एकतर जाळी फाडते नाहीतर जाळी तिच्यात रुतते. त्यात ती छाटायची म्हटली तर काट्यांतून एकेक तुकडा बाहेर काढावा लागतो, ७१ वर्षांच्या माणसाला ते जमायचं नाही. बोगनवेल जाळीच्या आतल्या अंगानं आडवी नेऊन बांधायची, पंखा उघडल्यासारखी. आडव्या फांदीवर फुलंही जास्त येतात. संक्रांतवेलीचं तसं नाही, तिचे तणावे बारीक, दरवर्षी नवे, ती जाळीला इजा करत नाही.

फायकसचं तुमचं बरोबर आहे, वाऱ्याला तो पक्का. पण तिची भिंत दगड-मातीतली जुनी आहे. त्याची मुळं सांध्यात जातात, मातीच्या सांध्यात तर हमखास जाणार, आणि वर ओल धरून ठेवणार. सिमेंटच्या पक्क्या भिंतीवर खुशाल लावा, वर्षातून दोनदा कात्री मारायची, नाहीतर वरच्या फांद्या जाड होऊन भिंतीपासून आडव्या बाहेर येतात, पान पण मोठं होतं, मग मात्र त्याच फांद्या वारं पकडतात. जुन्या भिंतीला नको. तिथं भिंतीपासून ४ इंच पुढं दोन पाइप रोवून मध्ये जीआयची (जस्त चढवलेली) तार ओढ, फुटाफुटावर आडवी, आणि त्यावर हिरवा चाफा ने. भिंतीला हवा लागत राहील आणि दक्षिणेला जरा आडोसा पण आहे. गुहागरच्या दादांनी ते नाव काढलं म्हणून मला आनंद झाला, हिरवा चाफा मागणारं गिऱ्हाईक मला शेवटच्या १० वर्षांत भेटलं नव्हतं.

---

सातारची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. हिरवा चाफा म्हटल्यावर ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली तिच्या माहेरी मेढ्याला परसात होता, फूल सापडलं की वेणीत माळायच्या. मला हे आजवर माहीत नव्हतं. त्यामुळं भिंतीचं ठरलं, तीन वर्षं लागली तरी चालतील.

बाबांनी काल अँगल उकरून बघितले, काका तुमचा अंदाज तंतोतंत, सव्वा फूटच गाडलेत. वेल्डर आणि ड्रिलवाल्याला विचारलंय, मे संपायच्या आत खांब आणि टेकू करून घेतो. खड्डे पण तेव्हाच. लावणी सप्टेंबरमध्ये, गौरी-गणपतीला मी जाणारच आहे तेव्हा.

रानवाटा, तुमचं वाचून जरा वाईट वाटलं कारण रेल्वे क्रीपरचे तुकडे आम्ही ऑलरेडी आणून लावले होते शेजारच्यांकडून, वीतभर फुटलेत. बाबांनी आज सकाळी उपटून वाळत टाकलेत. सड्यावरची फुलं बघायला लांबून लोक येतात आणि आम्ही रोज त्यावरून चालतो, त्यामुळं असेल, कधी तसा विचारच केला नव्हता.

दोन प्रश्न राहिले. एक, ७० फुटांना संक्रांतवेलीची रोपं किती लागतील आणि मध्ये एखादी बोगनवेल टाकली तर चालेल का, आईला राणी कलर आवडतो. दुसरं, माकडं. कोवळे शेंडे खातात, त्याला काय करायचं?

---

जुना_माळी

दर १० फुटांवर एक धर, म्हणजे ७ रोपं, आणि दोन जास्तीची आणून पिशवीतच वाढव, एखादं गेलं तर त्याच वयाचं रोप हाताशी पाहिजे. दाट लावायचा मोह होतो, लावू नकोस, तिसऱ्या वर्षी एकमेकांवर चढून नुसता ढीग होतो आणि खालची पानं झडतात. बोगनवेल मध्ये नको, संक्रांतवेल तिला झाकून टाकेल. कुंपणाच्या दक्षिण टोकाला, कोपऱ्यातल्या टेकूच्या खांबाला एकटी लाव, तिथं तो खांब सगळ्यात मजबूत आहे आणि ओट्यावरून समोर दिसेल. तिला खत बेतानं, शेणखत जास्त झालं की नुसतं पान वाढतं.

माकडांना खात्रीचा उपाय माझ्याकडं नाही. पहिलं वर्ष प्रत्येक रोपावर बाभळीच्या नाहीतर करवंदीच्या काट्यांचा तंबू कर, शेळ्यांचंही त्यातच भागतं. वेल कुंपणाच्या वर गेल्यावर माकडांनी चार शेंडे खाल्ले तरी ती छाटणीच समजायची, खालून दाट फुटतो.

---

अकरावा_मजला

ताई, पहिल्या उन्हाळ्याचं पाणी जपून वापरायचंय म्हणालात म्हणून, प्रत्येक रोपाशेजारी एक साधं, भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, झाकण ठेवा, आठवड्यातून दोनदा भरा. पाझरून मुळांनाच पाणी जातं आणि वाऱ्याने वरची माती वाळली तरी फरक पडत नाही. ७ मडकी साताऱ्याच्या कुंभारवाड्यात सहज मिळतील. आतून-बाहेरून रंग दिलेली घेऊ नका, ती पाझरत नाहीत.

---

सातारची_लेक

मडक्यांचं बाबांना एकदम पटलंय, ते म्हणतात लहानपणी मिरचीला असंच करायचे. ९ मागवतोय, बोगनवेल आणि हिरव्या चाफ्याला धरून. सप्टेंबरमध्ये लावणी झाली की इथंच फोटो टाकते.